मेंडोसिनो मोटर: तिसरा रोटर, काळा पाट आणि शून्य सावलीची दुपार

मेंडोसिनो मोटरचा तिसरा रोटर, म्हणजे तिचा फिरणारा भाग, रविवारी दुपारी गच्चीत ठेवला आणि हात काढून घेतला. टिचकी द्यावी लागली नाही. आधी नुसता थरथरला, मग पाव फेरा, मग अर्धा, आणि थोड्याच वेळात चारही पॅनेल एकमेकांत मिसळून एक निळसर नळकांडं दिसायला लागलं. डिसेंबरात हात घातलेल्या कामाची ही मे महिन्यातली नोंद. मधल्या काळात कुठे अडले आणि कशाने सुटले ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी हे करायला घेतलं तर तुमचे तेवढे रविवार वाचतील.

ज्यांनी ही मोटर पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हवेत तरंगणारा आडवा दांडा, त्यावर चौकोनी ठोकळा, ठोकळ्याच्या चार बाजूंना चार छोटी सोलर पॅनेल, आत एकमेकींना काटकोनात दोन कॉइल (तारेची वेटोळी), खाली एक स्थिर चुंबक. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो किनाऱ्यावर राहणाऱ्या लॅरी स्प्रिंग यांनी १९९४ मध्ये ती लोकांपुढे आणली, त्यावरून हे नाव पडलं. उजेडावर फिरणाऱ्या मोटरची कल्पना त्याहून जुनी आहे. १९५४ मध्ये बेल लॅब्जमध्ये सिलिकॉनचा सौर सेल तयार करणाऱ्या तिघांपैकी डॅरिल चॅपिन यांनी १९६२ मध्येच तशी मोटर केली होती.

साध्या डीसी मोटरीत कॉइलमधला प्रवाह योग्य क्षणी उलटवायला ब्रश आणि कॉम्युटेटर, म्हणजे एकमेकांवर घासणारे संपर्क, लागतात. इथे ते काम उजेड करतो. वर आलेल्या पॅनेलवर ऊन पडलं की त्याच्या खालच्या उभ्या कॉइलमधून प्रवाह जातो, चुंबकाचं क्षेत्र तारेला बाजूला ढकलतं, पाव फेरा होतो आणि पुढचं पॅनेल उन्हात येतं. घासणारा एकही संपर्क नाही. मला या खेळण्याचं वेड लागलं ते याच गोष्टीमुळे.

दांडा म्हणून आईची अ‍ॅल्युमिनियमची विणायची सुई घेतली. लोखंडी सळई घेऊ नका, चुंबकांमुळे ती जागच्या जागी अडते. सुईवर निओडिमियम चुंबकाच्या दोन रिंग, आणि प्रत्येक रिंगेखाली पाटात दोन-दोन चुंबक, रिंगेला ढकलतील असे. विज्ञान खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांची तरंगती पेन्सिल ज्यांनी करून पाहिली असेल त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. पेन्सिलीसारखंच इथेही एका टोकाला टेकू लागतोच. नुसत्या कायमच्या चुंबकांच्या जोरावर एखादी वस्तू सर्व दिशांनी स्थिर तरंगत राहू शकत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये सिद्ध केलं आहे. वर-खाली आणि डावी-उजवीकडे पकड मिळाली की लांबीच्या दिशेने ती निसटते. म्हणून सुईवरच्या रिंगा खालच्या चुंबकांपेक्षा साधारण दोन मिलिमीटर पुढे सरकवल्या, म्हणजे सुई हलकेच पुढे रेलते, आणि तिच्या टोकासमोर आरशाचा तुकडा उभा केला. अख्ख्या मोटरीत घर्षण असं त्या एका टोकालाच.

पहिला रोटर पाळण्यासारखा हेलकावे खात राहिला, फेरा पूर्ण करेना. समोरासमोरची दोन पॅनेल एकाच कॉइलला जोडायची असतात, पण उलट ध्रुवांनी: एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. अर्ध्या फेऱ्यानंतर कॉइल उलटी झालेली असते, तेव्हा प्रवाहही उलटला तरच धक्का त्याच दिशेने बसतो. मी प्लसला प्लस जोडला होता. सोल्डर सोडवून जोडणी बदलली आणि मोटर फिरली, पण अडखळत.

ते अडखळणं तोलाचं होतं. अंधारात रोटर मोकळा सोडला की दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबायची. जड बाजूच्या समोर एम-सीलच्या मोहरीएवढ्या गोळ्या लावत गेले, तरी समाधान होईना. मग सुईवरची रिंग पाव फेरा फिरवून पाहिली, तर थांबायची जागाही तेवढीच सरकली! म्हणजे वजन बरोबर होतं, रिंगच सगळीकडून सारख्या ताकदीची नव्हती. तशा आणखी सहा रिंगा आणल्या, एकेक तपासली आणि त्यातल्या त्यात सारख्या दोन ठेवल्या. वजन वाढवण्याआधी रिंग फिरवून बघा, एवढं मात्र नक्की करा.

आता तारेचं गणित. माझा सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त आनंदही यानेच दिला. पहिल्या दोन रोटरांना ३६ गेजच्या तारेचे शंभर-शंभर वेढे होते (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). एका वेढ्याची लांबी साधारण १९ सेंटीमीटर, म्हणजे कॉइलमागे १९ मीटर तार, रोध ११ ओहम, वजन पाच ग्रॅम. माझी पॅनेल ५ व्होल्ट, ३० मिलिअँपिअरची. ३० मिलिअँपिअर ११ ओहममधून न्यायला व्होल्टेज लागतं अवघं ०.३३. उरलेलं वापरलंच जात नव्हतं! सोलर पॅनेलचा स्वभाव असा की, व्होल्टेजची मर्यादा येईपर्यंत ते जवळजवळ ठरावीक प्रवाह देत राहतं, पुढे रोध कमी असो वा जास्त. धक्का ठरतो वेढे गुणिले प्रवाह यावर. मग प्रवाह तेवढाच राहणार असेल तर वेढे वाढवायला काय हरकत?

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारातून, ४० गेजची वाइंडिंग वायर आणली आणि प्रत्येक कॉइलला तीनशे वेढे घातले. ५७ मीटर तार, ८४ ओहम, म्हणजे अडीच व्होल्ट लागणार. फिरताना कॉइलमध्ये जे उलट व्होल्टेज तयार होतं त्यालाही जागा उरली. धक्का तिप्पट आणि तारेचं वजन पाचाचं फक्त सहा ग्रॅम. वेढे सुईच्या दोन्ही अंगांना दीडशे-दीडशे वाटून घातले, नाहीतर तोल पुन्हा बिघडला असता. केसासारखी तार दोनदा तुटली. टोकांवरचं एनॅमल (तारेवरचा रोधक थर) काढताना पॉलिश पेपर दुमडून त्यात तार अलगद ओढा, चाकूने खरवडू नका. एक सावधगिरी मात्र आहे: अर्ध्या व्होल्टच्या सुट्या सेलचे तुकडे वापरणार असाल तर हे गणित चालणार नाही. तिथे व्होल्टेजच तोकडं पडतं, वेढे वाढवले की त्याच पटीत रोध वाढून प्रवाह घटतो आणि गोळाबेरीज तिथेच राहते. तिथे तार जाड घ्यावी लागते.

फेरे मोजते ते फोनच्या स्लो-मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका लावला आहे. दुसऱ्या रोटरला एका फेऱ्याला ४२ फ्रेम लागत, म्हणजे मिनिटाला साधारण ३४०. तिसऱ्याला २५, म्हणजे ५७५ च्या आसपास.

एका ढगाळ सकाळी भावाची मुलगी आली होती. मोटर हलत नव्हती. ती म्हणाली, "आत्या, उजेड तर भरपूर आहे, मग ही का फिरत नाही?" मी म्हटलं, ऊन कमी आहे म्हणून. पण उत्तर देतानाच ते मला पटलं नाही, कारण मल्टीमीटरवर पॅनेल बऱ्यापैकी प्रवाह दाखवत होतं. रात्री वहीत जोडणी पुन्हा काढली तेव्हा उलगडलं. समोरासमोरची पॅनेल उलटी जोडलेली आहेत, म्हणजे त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी होते. ढगाळ आकाशातून उजेड सगळीकडून येतो, दोन्हींवर कमी-अधिक सारखाच पडतो आणि कॉइलला जवळजवळ काहीच मिळत नाही. या मोटरीला एका बाजूला ऊन लागतं, तशी दुसऱ्या बाजूला सावलीही लागते.

हे कळल्यावर माझी नजर पाटाकडे गेली. तो मी हौसेने पांढरा रंगवला होता! वरून आलेलं ऊन पाटावरून उलटून खालच्या पॅनेलवर पडत होतं आणि वरच्याच्या विरोधात काम करत होतं. पाट मॅट काळा केला. दुसरं काहीही बदललं नाही, तरी २५ फ्रेमच्या २२ झाल्या.

उरली उन्हाची दिशा. उजेड आणि चुंबकाचं क्षेत्र एका रेषेत असतील तर धक्का सर्वाधिक. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, त्यामुळे डिसेंबरअखेरीस ऐन माध्यान्हीलाही सूर्य डोक्यावरून ४२ अंश दक्षिणेला कललेला असतो. म्हणून खालचा चुंबक सनबोर्डच्या कमानीवर बसवला, उत्तरेकडे सरकवता येईल असा. दांडा आधी दक्षिणोत्तर ठेवायचे, तेव्हा सूर्यामागे चुंबक दर तासाला हलवावा लागे. पूर्व-पश्चिम ठेवल्यावर ती धावपळ बरीचशी संपली. २१ मार्चच्या सुमारास तर चुंबक साडेअठरा अंशांवर एकदा लावला की दिवसभर हात लावावा लागत नाही, कारण विषुवदिनी दांड्याच्या टोकाकडून पाहिलं तर सूर्य दिवसभर त्याच एका रेषेवर राहतो. सकाळी नऊला लावलेली मोटर चारलाही फिरत होती. मधे मी फक्त जेवायला खाली गेले.

आणि परवाची दुपार. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावली येते, साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर. चुंबक कमानीच्या मधोमध आणला. शेजारी उभ्या केलेल्या पाण्याच्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली गेली आणि मोटर २० फ्रेमवर पोचली: मिनिटाला ७२० फेरे. भाचीने ठिपका नुसत्या डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न सोडून दिला आणि आम्ही दोघी उन्हातच बसून राहिलो.

जुलैअखेरीस सूर्य पुन्हा डोक्यावर येईल, पण तेव्हा आभाळ भरलेलं असणार. तोवर कमानीवर महिन्यांच्या खुणा कोरून घ्यायच्या आहेत. ४२ गेजची तारही आणून ठेवली आहे. ती न तुटता गुंडाळायची एखादी युक्ती तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा.