एलियन मालिकेचे सीक्वल : क्रमवारीची नोंद, टप्पा तिसरा

सध्याची स्थिती अशी : यादीत सात नोंदी, एकमेकांशी लावलेल्या एकवीस जोड्या, सगळ्यांचे निकाल लागलेले. मधल्या तीन जागांवर एक गोल अडकला होता, म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवलं होतं; तो सुटला. तो का पडला आणि कसा सोडवला, हे खाली सविस्तर आहे. सगळ्या चित्रपटांचे शेवट उघडपणे लिहिले आहेत. ज्यांनी अजून पाहिले नाहीत त्यांनी इथेच थांबावं.

यादीत कोण

अंतराळातल्या परग्रही राक्षसाचा १९७९ चा मूळ 'एलियन' बाहेर ठेवला आहे, कारण बाकी सगळे त्याच्याशीच ताडून पाहायचे आहेत. आत आहेत 'एलियन्स' (१९८६, जेम्स कॅमेरॉन), 'एलियन ३' (१९९२, डेव्हिड फिंचर), 'एलियन रेझरेक्शन' (१९९७, जाँ-पिएर जने), 'प्रॉमिथियस' (२०१२) आणि 'एलियन कॉव्हेनंट' (२०१७), हे दोन्ही रिडली स्कॉट यांचे, आणि 'एलियन रोम्युलस' (२०२४, फेडे अल्वारेझ).

'प्रॉमिथियस' सीक्वल कसा, हा प्रश्न दरवेळी येतो. कथेच्या कालक्रमाने तो २०९३ मध्ये घडतो, 'कॉव्हेनंट' २१०४ मध्ये, मूळ चित्रपट २१२२ मध्ये, 'रोम्युलस' २१४२ मध्ये आणि 'एलियन्स' २१७९ मध्ये. पण प्रेक्षक पहिला चित्रपट डोक्यात ठेवूनच हे बघायला बसतो, त्यामुळे नियम सरळ ठेवला : मूळ चित्रपटानंतर प्रदर्शित झाला तो यादीत. दुसऱ्या मालिकेतल्या प्रिडेटर या राक्षसासोबतचे दोन चित्रपट वगळले. त्यांतल्या पहिल्यात मालिकेतल्या कंपनीचा मूळपुरुष चार्ल्स बिशप वेलँड आहे, 'प्रॉमिथियस'मध्ये पीटर वेलँड. दोन्ही धरले तर कथेचा हिशोब जुळत नाही, आणि वाद चित्रपटांवर न होता वंशावळीवर होतो.

सहा चित्रपट असून सात नोंदी, कारण 'एलियन ३' दोनदा आहे.

आधी कोणती प्रत ते ठरवा

या मालिकेवरच्या भांडणांपैकी निम्मी भांडणं दोन वेगळ्या प्रती पाहिलेल्यांमध्ये होतात आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येकाने मतांसाठी भरायच्या तक्त्यात चित्रपटाच्या नावाशेजारी मिनिटं लिहिल्याशिवाय मत धरायचं नाही.

'एलियन्स'ची चित्रपटगृहातली आवृत्ती १३७ मिनिटांची, विशेष आवृत्ती १५४ मिनिटांची. 'एलियन ३' ची मूळ आवृत्ती ११४ मिनिटांची, असेंब्ली कट, म्हणजे नंतर तयार केलेली लांब आवृत्ती, १४५ मिनिटांचा. 'रेझरेक्शन' १०९ आणि ११६. हे आकडे सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीचे आहेत. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. चित्रपट चार टक्के लवकर संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. १५४ ची आवृत्ती तिथे साधारण १४८ दाखवते, १४५ चा असेंब्ली कट १३९. सगळ्यात मोठी फसगत १०९ या आकड्याची आहे : पाल डीव्हीडीवर 'एलियन ३' ची छोटी आवृत्तीही १०९ मिनिटांवर येते, म्हणून कुणी नुसतं '१०९ मिनिटांची प्रत' लिहिलं तर चित्रपटाचं नावही विचारून घ्या. आकड्याला २५ ने गुणून २४ ने भागलं की खरी लांबी मिळते.

मिनिटं बघता येत नसतील तर खुणेची दृश्यं पाहा. 'एलियन्स'मध्ये सैनिक पोचण्याआधीची वसाहत आणि न्यूट या लहान मुलीचं कुटुंब दिसलं, किंवा बोगद्यात स्वयंचलित बंदुका लावल्या, तर ती विशेष आवृत्ती. 'एलियन ३' मध्ये तुरुंगातल्या डॉक्टर क्लेमेन्सला नायिका रिप्ली किनाऱ्यावर सापडली आणि राक्षस बैलातून जन्मला तर असेंब्ली कट. कुत्र्यातून जन्मला तर छोटी आवृत्ती. 'रेझरेक्शन'च्या सुरुवातीला काचेवर किडा चिरडला आणि शेवटी उद्ध्वस्त पॅरिस दिसलं तर ती लांब आवृत्ती. या शेवटच्या चित्रपटाची छोटी आवृत्तीच धरली आहे, कारण जने यांची स्वतःची पसंती तिलाच आहे आणि जोडलेल्या सात मिनिटांनी कथेत काही बदलत नाही.

'एलियन्स'ची १५४ मिनिटांचीच प्रत धरायची, याचं कारण एकच दृश्य आहे. रिप्ली ५७ वर्षं झोपेत काढून परतते तेव्हा तिला कळतं की तिची मुलगी अमांडा ६६ व्या वर्षी वारली. अकराव्या वाढदिवसापर्यंत परत येते, असं तिने त्या मुलीला सांगितलेलं होतं. हे दृश्य छोट्या आवृत्तीत नाही. ते पाहिलेल्या माणसाला रिप्ली न्यूटला शोधायला एकटी खाली का उतरते हे वेगळं समजावं लागत नाही. आणि त्याचा परिणाम पुढच्या चित्रपटापर्यंत जातो : 'एलियन ३' च्या पहिल्या काही मिनिटांत न्यूट मेलेली सापडते, तो घाव अमांडा ठाऊक असलेल्याला दुप्पट बसतो. म्हणजे दुसऱ्या भागाची कोणती प्रत पाहिली यावर तिसऱ्याचे गुण बदलतात. तक्ता भरताना हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

विशेष आवृत्तीचा तोटाही खरा आहे. वसाहत आधीच दाखवल्यामुळे सैनिक रिकाम्या इमारतीत शिरतात तेव्हाचं गूढ पातळ होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला १३७ ची प्रत द्या, क्रमवारीसाठी १५४ ची.

'एलियन ३' दोनदा का

बाकी चित्रपटांच्या लांब प्रतींमध्ये भर पडते. इथे गोष्टच बदलते. असेंब्ली कटमध्ये कैदी राक्षसाला कचऱ्याच्या टाकीत खरोखर कोंडतात, आणि त्यांच्यातलाच गॉलिक पहारेकऱ्याला मारून राक्षसाला सोडून देतो. छोट्या आवृत्तीत हा सगळा भाग नाही. क्लेमेन्स मेल्यानंतर गॉलिक कथेतून नाहीसाच होतो आणि मधली धावपळ कशासाठी चालली आहे ते धड समजत नाही. शेवटही वेगळा : छोट्या आवृत्तीत भट्टीत पडताना रिप्लीच्या शरीरात वाढणारी राक्षसांची राणी तिच्या छातीतून बाहेर येते आणि रिप्ली तिला धरून ठेवते, असेंब्ली कटमध्ये रिप्ली फक्त हात पसरून मागे झोकून देते. दुसरा शेवट जास्त चांगला आहे. तिचा निर्णय पुरेसा असताना त्यावर पुन्हा पुराव्याचा शिक्का लागत नाही.

असेंब्ली कट २००३ च्या संचात आला, चार्ल्स डी लॉझिरिका यांच्या देखरेखीखाली. फिंचर त्यात सहभागी झाले नाहीत, म्हणून त्याला 'दिग्दर्शकाची आवृत्ती' म्हणू नका. अशा नोंदी दुरुस्त केल्या आहेत. २००३ च्या डीव्हीडीवर जोडलेल्या दृश्यांचा आवाज सेटवरचा कच्चा आहे, काही वाक्यं उपशीर्षकांशिवाय कळतच नाहीत. २०१० च्या ब्लू-रेसाठी नटांकडून ते संवाद पुन्हा बोलून घेतले. तुलना करायची तर ब्लू-रेच घ्या, नाहीतर आवाजाच्या दोषाची शिक्षा पटकथेला होते.

छोटी असो वा मोठी, एक दोष दोन्हींत आहे. धावता राक्षस छोट्या प्रमाणातल्या, काठ्यांनी हलवलेल्या बाहुलीचा आहे. ती निळ्या पडद्यासमोर चित्रित करून नंतर दृश्यात बसवली. कडांना हिरवट झाक येते आणि उजेड आजूबाजूच्या बोगद्याशी जुळत नाही. चालणारा, अंगाशी येणारा राक्षस मात्र पोशाखातल्या माणसाचा आहे आणि तो आजही उत्तम दिसतो. क्लेमेन्सच्या मृत्यूनंतर रिप्लीच्या गालाशी आलेलं ते तोंड पाहा.

पडद्याची तयारी

टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, रात्रीसाठी आवाज दाबणारी सोय बंद, खोलीत समोरून येणारा उजेड नको. हे न केल्यास 'रोम्युलस'चे अंधारे भाग नुसते काळे दिसतात आणि त्या चित्रपटाला उगाच कमी गुण मिळतात. 'एलियन्स'च्या २०२४ च्या फोर-के प्रतीत मूळ फिल्मचे कण इतके पुसले आहेत की काही चेहरे मेणासारखे वाटतात. जुनी ब्लू-रे असेल तर तीच लावा. चित्राच्या आकारावरूनही गोंधळ होतो : मालिकेत फक्त 'एलियन्स' १.८५ या प्रमाणाचा आहे, बाकी सगळे त्याहून रुंद. त्याला काळ्या पट्ट्या कमी दिसल्या म्हणजे प्रत कापलेली आहे असं नाही.

जोड्या कशा लावल्या

तारे देऊन सरासरी काढण्याची पद्धत सोडून दिली. एकाचे तीन तारे म्हणजे दुसऱ्याचे चार, आणि ज्याने 'कॉव्हेनंट' पाहिलाच नाही त्याच्या रिकाम्या जागेचं काय करायचं ते कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी दोन-दोन चित्रपट समोरासमोर. सात नोंदींच्या एकवीस जोड्या होतात. जिंकणाऱ्याला एक गुण, बरोबरी मान्य नाही. अनेकांचे तक्ते एकत्र करताना प्रत्येक जोडीत फक्त दोन्ही चित्रपट पाहिलेल्यांचं मत मोजा. न पाहिलेला चित्रपट तळाला टाकणं सगळ्यात वाईट.

पहिल्या फेरीचा निकाल : 'एलियन्स' सहा, असेंब्ली कट पाच, 'कॉव्हेनंट' एक, 'रेझरेक्शन' शून्य. आणि मधल्या तिघांना प्रत्येकी तीन. 'रोम्युलस'ने 'प्रॉमिथियस'ला हरवलं, 'प्रॉमिथियस'ने छोट्या 'एलियन ३' ला, आणि छोट्या 'एलियन ३' ने 'रोम्युलस'ला.

असा गोल पडला की नाणं उडवू नका. प्रत्येक जोडीचं कारण एका ओळीत लिहून बघा, म्हणजे गाठ लगेच सापडते. इथे तीन जोड्यांना तीन वेगळ्या कसोट्या लागल्या होत्या. 'रोम्युलस' जिंकला तो ताणावर. गुरुत्वाकर्षण बंद करून राक्षसांवर गोळ्या झाडायच्या, म्हणजे त्यांच्या रक्तातलं आम्ल खाली पडून अंतराळस्थानकाला भोक पाडणार नाही, आणि मग हवेत तरंगणाऱ्या त्या आम्लामधून वाट काढायची : १९७९ पासून असलेल्या आम्लाच्या नियमातून निघालेला हा प्रसंग मालिकेत आधी कुणी केला नव्हता. 'प्रॉमिथियस' जिंकला तो दृश्यांच्या सफाईवर, समोर त्या बाहुलीची हिरवी कड असल्यामुळे. आणि 'एलियन ३' जिंकला तो धाडसावर.

म्हणून तिन्ही जोड्या एकाच प्रश्नावर पुन्हा लावल्या : या चित्रपटाने स्वतःचं असं काय आणलं, आणि शेवटाने ते फेडलं का?

'रोम्युलस' दुसऱ्या भागातलं रिप्लीचं प्रसिद्ध वाक्य अँडी या यंत्रमानवाच्या तोंडी घालतो. दिवंगत इयन होम यांचा चेहरा रूक या यंत्रमानवाला लावतो आणि पहिल्या भागात त्यांनीच साकारलेल्या ॲशचे शब्दही त्याच्याकडून वदवतो. शेवटचं अर्धमानवी पिल्लू 'रेझरेक्शन'ची आठवण करून देतं. स्वतःचं आहे ते नायिका रेन आणि अँडीचं नातं, आणि ते मात्र शेवटपर्यंत नीट नेलं आहे. 'एलियन ३' ने आधीच्या भागाने वाचवलेली माणसं मारली, बंदुका काढून घेतल्या आणि नायिकेला मृत्यू निवडायला लावला. न आवडणाऱ्यांनाही हे नाकारता येत नाही की तो चित्रपट जे सुरू करतो ते संपवतो. 'प्रॉमिथियस'मध्ये आपल्याला कुणी घडवलं हा प्रश्न मोठा आहे, पुरुषांसाठीच आखलेल्या यंत्रात नायिका शॉ स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेते तो प्रसंग मालिकेतल्या उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. पण उत्तर पुढच्या चित्रपटावर ढकललं आहे. शिवाय नकाशा बनवणारी यंत्रं ज्याची, तोच फिफील्ड वाट चुकतो, आणि जीवशास्त्रज्ञ मिलबर्न फणा काढलेल्या अनोळखी प्राण्याला हात लावायला जातो. हे दोष खरे आहेत, त्यांचं समर्थन करत बसू नये.

सुधारलेला क्रम : एलियन्स, एलियन ३ असेंब्ली कट, एलियन ३ छोटी आवृत्ती, रोम्युलस, प्रॉमिथियस, कॉव्हेनंट, रेझरेक्शन. बदललेली जोडी एकच, 'प्रॉमिथियस' विरुद्ध छोटा 'एलियन ३'.

'कॉव्हेनंट'बद्दल थोडं. मायकेल फासबेंडर यांचे दोन यंत्रमानव, डेव्हिड आणि वॉल्टर, समोरासमोर असतात तेवढा वेळ हा चित्रपट चौथ्या जागेचा आहे. पण शॉला पडद्याबाहेर मारून 'प्रॉमिथियस'चा प्रश्नच टाकून दिला, आणि त्या दोघांची शेवटची अदलाबदल आधीच ओळखू येते. शॉचं आणि डेव्हिडचं पुढे काय झालं ते सांगणारी प्रचारफीत 'द क्रॉसिंग' मोजलेली नाही. चित्रपटात नाही ते गुणांत नाही. 'रेझरेक्शन'मध्ये फसलेल्या सात क्लोनची खोली आणि पाण्याखालचा पाठलाग एवढंच टिकतं.

पुढचा टप्पा

'एलियन्स'ची १३७ मिनिटांची प्रत आठवी नोंद म्हणून घालायची मागणी योग्य आहे. एकूण जोड्या अठ्ठावीस होतील, पण नव्याने लावायच्या फक्त सात. खरी चुरस एकाच जोडीत आहे : अमांडाशिवायचा 'एलियन्स' विरुद्ध असेंब्ली कट. प्रश्न तोच ठेवायचा, बाहुलीच्या कडा आणि बंदुकांची रंगत दोन्ही बाजूला ठेवायची. तक्ते पाठवताना तिसऱ्या भागाआधी दुसऱ्याची कोणती प्रत पाहिली होती, ते प्रत्येकाने लिहावं. ती नोंद नसेल तर या एका जोडीत मत धरलं जाणार नाही.