लोणावळ्यात भरू म्हणाले, पण गाडी घाटातच थांबली

खोपोलीत माझं गॅरेज आहे. ब्रेकडाउनचा फोन आला की एक्सप्रेसवेच्या घाटात जावं लागतं. तिथं तापलेल्या आणि क्लच जळालेल्या गाड्याच जास्त. तेल संपलेली गाडी म्हटलं की आमच्यातलेही बरेच जण हात झटकतात, कॅन घेऊन पोरगा पाठवतात. या पावसाळ्यातल्या एका रविवारनंतर मी स्वतः जायला लागलो आहे.

गाडी सात सीटर डिझेल, पुण्याकडे निघालेली, आडोशी बोगद्याच्या पुढं चढावर उभी. पाऊस कोसळत होता आणि आजी नि दोन मुलं आतच बसलेली, भिजू नये म्हणून. घाटात बंद गाडीत बसून राहण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. मागून येणाऱ्याला पावसात गाडी उभी आहे की चालती हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आधी तिघांना कठड्यापलीकडे नेलं, मग बॉनेट उघडलं.

मालक शिकलेले, शांत गृहस्थ. म्हणाले, "खालापूरच्या फूड मॉलला थांबलो होतो. पंपावर रांग होती. मीटरवर अजून ४२ किलोमीटर दाखवत होतं, म्हटलं लोणावळ्यात भरू." तो आकडा आला कुठून, हे गाडी विकणारे कधी सांगत नाहीत. मागच्या काही किलोमीटरला किती तेल लागलं त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर हिशेब मांडतो. पनवेल ते खालापूर रस्ता बराचसा सपाट. पुढं घाट आहे हे त्या हिशेबात नसतं. भरल्या गाडीनं, एसी लावून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढताना तेच इंजिन कितीतरी जास्त डिझेल पितं. शिवाय चढावर टाकीतलं उरलंसुरलं तेल एका बाजूला सरकतं. टाकीची घडण तशी असेल तर ओढणाऱ्या पाइपचं तोंड उघडं पडतं आणि तेल शिल्लक असूनही पंप हवा ओढतो.

इंजिन बंद पडल्यावर त्यांनी सेल्फ मारायला सुरुवात केली. त्यासाठी क्लच दाबावा लागतो. क्लच दाबला की गाडी गिअरमधून मोकळी, आणि चढावर मोकळी गाडी मागंच येणार. पेडल हलकं करणाऱ्या ब्रेकच्या बुस्टरला व्हॅक्यूम मिळतो तो इंजिनमुळे. इंजिन थांबल्यावर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पेडल नीट दबतं, नंतर दगड होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण दोन्ही पायांचं बळ लावावं लागतं आणि हे घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. गाडी मागं सरकत सरकत एका ट्रेलरच्या तोंडाशी आली, तेव्हा कुठं त्यांनी हँडब्रेक ओढला. ट्रेलरवाल्यानं आपली गाडी तिच्या मागं आडोशाला ठेवली, इंडिकेटर लावले आणि आम्ही येईपर्यंत तो हलला नाही. घाटातल्या ट्रकवाल्यांना ऊठसूट शिव्या घालणाऱ्यांनी हे ऐकावं.

डिझेल ओतलं. फिल्टरजवळचा हातपंप दाबत राहिलो, हवा काढायचा स्क्रू ढिला केला. आधी नुसता फेस आला, मग फेसात डिझेल, मग स्वच्छ धार. हे नीट केलं तर बहुतेक गाड्या जाग्यावर सुरू होतात. ही झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा सुरू केली तर टकटक आवाज, आणि स्कॅनरवर रेलचं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर चढेचना. टोचन करून गॅरेजला आणली.

दुसऱ्या दिवशी हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारी झडप, काढला. पांढऱ्या फडक्यावर टेकवून बॅटरीच्या उजेडात धरला, तर फडकं चमकत होतं. लोखंडाचा बारीक कीस, बोटाला जेमतेम जाणवेल असा. आम्ही याला चमकी म्हणतो आणि ती दिसली की पोटात गोळा येतो. कॉमन रेलचा पंप हजार-दीड हजार बार, कधी त्याहूनही जास्त दाब तयार करतो आणि त्याला वंगण डिझेलचंच. डिझेलऐवजी हवा आली की लोखंडावर लोखंड घासतं. कीस पुढं रेलमध्ये, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नच्या पाइपातून टाकीतसुद्धा जातो. लोक म्हणतात कमी तेलात तळाचा गाळ ओढला जातो. पाइप तळाशीच असतो, भरल्या टाकीतही तो तिथूनच ओढतो. खरा घात हवेनं होतो. पेट्रोलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्यांचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच.

मालक म्हणाले, "एकदाच तर संपलं, एवढ्यानं पंप जातो?" मला हाच प्रश्न पडला होता. बोलता बोलता कळलं, गाडी रोज ऑफिसला जाते, पाचशे-पाचशेचं डिझेल पडतं, पिवळा दिवा बहुतेक लागलेलाच. डिलिव्हरी देताना शोरूमच्या पोरानं सांगितलं होतं, दिवा लागला तरी पन्नास किलोमीटर बिनधास्त. म्हणजे प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर पंप थोडी थोडी हवा खात आला असेल का? की त्या संध्याकाळी कोरड्या टाकीवर सेल्फ मारमारून त्याला संपवला? फडक्यावरच्या किसावर तारीख नसते. मला अजून उलगडा होत नाही.

त्यांना फक्त पंप बदलून हवा होता. मी नाही म्हणालो. चमकी आत ठेवून नवा पंप घालणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. पंप, रेल, चारही इंजेक्टर, पाइप आणि टाकी उतरवून धुणं, खर्च लाखाच्या वर जातो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी नाकारली, कारण दिलं भेसळीच्या डिझेलचं. मालक आता म्हणतात, भेसळ होती तर तपासून दाखवा. पण तपासणार काय? जुन्या डिझेलचा थेंब उरला नव्हता, टाकीत होतं ते घाटात मी ओतलेलं.