किल्ली फिरवण्याआधी

काचेवर टकटक झाली. बाहेर वॉचमनकाका वाकून आत बघत होते. दुपारचे अडीच वाजलेले, पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही, आणि मी गाडी चालू ठेवून स्टिअरिंगमागे नुसती बसलेली. काच खाली केली.

"ताई, बरं वाटत नाही का?"

"नाही हो काका, बरी आहे. गाडी थंड करतेय."

ते थोडा वेळ गाडीकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. थंड करायची तर बंद करावी, एवढं त्यांना कळत होतं. "बरं बरं," म्हणाले आणि केबिनकडे गेले, पण जाताना एकदा वळून पाहिलंच. आता संध्याकाळपर्यंत सोसायटीभर होणार की बाराव्या मजल्यावरच्या बाईंचं घरात काहीतरी बिनसलंय, पार्किंगमध्ये बसून राहतात, वर जायला तयार नसतात.

कारण साधं आहे. टर्बो. इंजिनातला जळका धूर एरवी सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्याला वाटेत अडवून एक भिंगरी फिरवून घ्यायची, आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या भिंगरीने बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून दम जास्त. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, पण कल्पना आमच्या आजीची आहे. कालच्या पोळ्यांचा कुस्करा, भाताच्या पेजेची साड्यांना खळ, दूध तापवलेल्या पातेल्यात चहा. वाया जाणाऱ्या कशालाही ती कामाला लावायची. फक्त आजीच्या स्वयंपाकघरात मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारं काही नव्हतं. ही भिंगरी घेते, आणि तिच्या तापलेल्या दांडीला सांभाळतो तो इंजिन ऑइलचा एक पातळ थर. गाडी दामटत आणून फटदिशी बंद केली की ऑइलचा पंप थांबतो आणि दांडीभोवतीचं ऑइल जागच्या जागी करपतं. करपलेल्या फोडणीवर पुढे काहीही घाला, वास जात नाही. म्हणून बंद करण्याआधी मिनिटभर थांबायचं.

हे मला गाडी विकणाऱ्याने सांगितलं. ऐरोलीतले निवृत्त गृहस्थ होते. २०१८ साली त्यांच्याकडून ही फियाटची लिनिआ टी-जेट घेतली, २०१२ची. नंबर नवी मुंबईचा, एमएच ४३. ठाण्यातल्या एमएच ०४च्या गर्दीत ती अजून माहेरचं आडनाव लावून फिरते. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या, चहा झाला, आणि त्यांनी आतून एक दोनशे पानी वही आणून दिली. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, सगळं निळ्या शाईत. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच ते ऑइल बदलायचे. कधी बदलायला चार दिवस उशीर झाला असेल तर समोर "लग्न असल्यामुळे" असा शेरा. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "एक मिनिट. विसरू नका."

घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं. फियाट इथलं दुकान आवरत आलीय, पार्ट कोण देणार? रांजणगावात बनलेली गाडी, पुण्याकडची, ठाण्यात कशी टिकणार, असंही एका नातेवाइकांनी विचारलं. ते पुण्याचेच होते. पुढच्याच वर्षी लिनिआ बंद झाली तेव्हा त्यांचा खास फोन आला.

कागदावर ११४ घोडे आहेत आणि २०७ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढ, तीही २२०० आरपीएमला, इंजिनाचे मिनिटाला २२०० फेरे झाले की. त्याच्या खाली गाडी शासकीय कर्मचाऱ्यासारखी असते. हो म्हणते, पण उठत नाही. घोडबंदर रोडवर २२०० आरपीएम म्हणजे काय हे मला सात वर्षांत नीट कळलेलं नाही. मेट्रोचे खांब, गुजरातकडे निघालेले कंटेनर, मानपाड्याचा सिग्नल, आणि मधल्या जागेत रिक्षा. माझे ११४ घोडे रोज कापूरबावडी ते पातलीपाडा एकामागे एक दावणीला बांधल्यासारखे उभे असतात. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्या एका तरुण मुलाने मला लॅपटॉप दाखवून सांगितलं होतं, "मॅडम, स्टेज वन रीमॅप करून देतो, आरामात तीस घोडे वाढतील." आहेत त्यांनाच हिंडायला जागा नाही, आणखी तीस कुठे बांधू?

तरी मी अगदीच संन्यासी नाही. प्लग इरिडियमचे घातले. ब्रेक पॅड जरा वरच्या दर्जाचे. हॉर्न बदलला, कारण मूळचा हॉर्न फार सुसंस्कृत होता, समोरचा रिक्षावाला मागे वळून हसायचा. आणि एक उधळेपणा म्हणजे काचेच्या खांबाला बसवलेला बूस्टचा काटा. दोन इंचांची काळी तबकडी, आत लाल काटा. टर्बो हवा भरायला लागला की काटा शून्याच्या पुढे सरकतो. घोडबंदरवर तो शून्याच्या अलीकडेच असतो, पेन्शनर बाकावर बसावा तसा. रविवारी पहाटे सहाच्या आत निघाले तर नाशिक हायवेला कसाऱ्याच्या चढावर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये तो उजवीकडे असा काही झुकतो, आणि बोनेटखालून एक बारीक शीळ येते. ती शीळ ऐकायला मी वर्षातून चारदा इगतपुरीचा वडा खायला जाते. वडा ठाण्यातही चांगला मिळतो.

त्याच चढावर एकदा फुस्स झालं. शीळ नाही, दम नाही, मागून एसटी हॉर्न मारत पुढे गेली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून त्यांनी निदान केलं, टर्बोच बदला. आकडा ऐकून मी गाडीसारखीच फुस्स झाले. मग वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिककडे नेली. पहिली दोन वर्षं हा माणूस माझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. नवऱ्याचं ज्ञान म्हणाल तर त्याने एकदा कूलंटच्या बाटलीकडे बघून "हे वाळ्याचं का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून मेकॅनिक माझ्याशी बोलतो.

त्याने मला ॲक्सिलरेटर दाबून ठेवायला सांगितलं आणि बोनेटमध्ये हात घातला. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे भरलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या जाड रबरी पाइपवरून तो तळहात फिरवत गेला. आई लेकराच्या पोटावरून हात फिरवते ना, कुठे दुखतंय ते बघायला, तसा. एका जागी थांबला. "हे बघा ताई." पाइपच्या खालच्या अंगाला दोन इंचांची चीर. हात ठेवला तर गरम हवेचा झोत. "टर्बोला काही झालं नाहीये. तो बिचारा हवा भरतोय, हवा इथून चाललीय. रबर आहे, वय झालं." रबराच्या जागी सिलिकॉनचा पाइप आला, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प. आमच्याकडचं अपग्रेड हे असंच होतं. काहीतरी मोडतं, मग त्याच्या जागी जरा बरं येतं. उंदरांनी सेन्सरची वायर खाल्ली तेव्हा वायरवर जाळीदार स्लीव्ह आली. त्याच्या जोडीला बोनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुरचुंडी ठेवलीय. उंदीर गेले की व्यसनी झाले, सांगता येत नाही.

तर या मेकॅनिकला मी एकदा मोठ्या अभिमानाने माझं एक मिनिट सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला.

"ताई, कापूरबावडीपासून घरापर्यंत तुम्ही कधी वीसच्या वर गेलात?"

"नाही."

"मग टर्बो रस्त्यातच थंड होऊन बसलेला असतो. फुकट पेट्रोल जाळताय."

बरोबर आहे त्याचं. घाट उतरून थेट थांबलं तर त्या मिनिटाला अर्थ. सोसायटीच्या फाटकातून पहिल्या गिअरमध्ये रांगत आल्यावर काय थंड करायचं? मी मान डोलावली, घरी आले, गाडी लावली, आणि किल्लीवर हात ठेवून मिनिटभर बसले.

मध्यंतरी दाराच्या आतल्या हँडलसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले होते. "फियाट का हँडल है?" असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कौनसी, पद्मिनी?" मला हसू आलं आणि बरंही वाटलं. तिथून जवळच प्रीमियरचा कारखाना होता. पद्मिनी तिथेच बनायच्या. आता तिथे उंच इमारती आहेत आणि रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड उरलंय. २९ ऑक्टोबर २०२३ला मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा बाबांनी पेपर दोनदा वाचला आणि घडी घालून उशीखाली ठेवला. रद्दीच्या दिवशीही दिला नाही.

लहानपणी आमच्याकडे असलेली फियाट सेकंडहँडच होती. ऑफ व्हाइट, मातकट रेक्झिनची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. बाबांचं वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिल. गिरण्यांच्या मागांना लागणारे बुश आणि पिना तिथे व्हायच्या. नौपाड्यातल्या आमच्या चाळवजा इमारतीत ती एकच गाडी, त्यामुळे तिला सकाळी धक्का मारणं हे सगळ्या मुलांचं कर्तव्य. पावसाळ्यात हमखास. बाबा बनियनवर, चोक ओढलेला, आणि आम्ही शाळेच्या गणवेशात मागे. गाडी फुरफुरत सुरू झाली की लगेच निघायचं नाही. बाबा हात वर करून थांबवायचे, "एक मिनिट, तापू दे." मग एकेकाला गोखले रोडच्या कोपऱ्यापर्यंत फेरी. आतला तो पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास घेतला की मला दप्तर, गृहपाठ, काही आठवायचं नाही.

हे निघतानाचं मिनिट. पण आणखी एक होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मला तेव्हा संप म्हणजे शाळेला सुट्टी एवढंच माहीत, आणि सुट्टी तर मिळाली नव्हती. त्या वर्षी मी संध्याकाळी गॅलरीत उभी राहून बाबांची वाट बघायचे. कठड्याच्या लोखंडी पट्टीवर हनुवटी टेकवून, गंजाची चव ओठांना लागायची. फियाट यायची, पिंपळाखाली लागायची, इंजिन बंद व्हायचं. आणि बाबा उतरायचे नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोरच्या भिंतीकडे बघत. वरून मला फक्त त्यांचे हात आणि शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या दिसायच्या. मी ओरडून हाक मारणार, तेवढ्यात आई पोळी लाटता लाटता आतून म्हणायची, "बसू दे त्यांना. येतील."

मग ते यायचे. हातात कधी केळी, कधी काहीच नाही. "गाडी थंड करत होतो," म्हणायचे.

फियाटला टर्बो नव्हता.

पुढच्या वर्षी फियाट गेली. एक लेथही गेला. पिंपळाखाली रिकाम्या जागेत तेलाचा काळा डाग राहिला, त्यावर आम्ही लगोरी मांडायचो.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. परवा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. येताना तीन हात नाक्याला अर्धा तास अडकलो, घरी पोहोचलो, गाडी लावली. सवयीने मी इंजिन चालू ठेवलं. बाबा पेट्रोलच्या थेंबाचा हिशेब ठेवणारे. सिग्नलला सुद्धा "बंद कर" म्हणतात. मी वाट बघत होते. ते काही म्हणाले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर सोसायटीने लावलेली पाटी होती, "कृपया येथे गाड्या धुऊ नयेत". डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे त्यांना ती वाचता येत नसणार. मलाच वाचून झाली, दोनदा.

मग मी किल्ली फिरवली. बाबा सावकाश उतरले, दाराला धरून उभे राहिले, आणि पुढच्या चाकाला पायाने हळूच ढकलून म्हणाले,

"डावीकडे हवा कमी आहे. उद्या भरून घे."