लिस्बन पायी पाहताना

लिस्बनला जायचे ठरले तेव्हा गाडीत बसून ठिकाणे उरकायची नाहीत, शहर पायीच पाहायचे, यावर आम्हा मित्रमंडळींचे लगेच एकमत झाले. खरा प्रश्न क्रमाचा होता. हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे, रस्त्यांचे चढ दमवणारे आहेत आणि पदपथांवर चुनखडीचे व बेसाल्टचे छोटे तुकडे बसवून केलेली फरसबंदी वर्षानुवर्षांच्या वावराने इतकी गुळगुळीत झाली आहे की, पावसाची सर येऊन गेल्यावर उतारावर पाय जपून टाकावा लागतो. त्यामुळे चांगली पकड असलेले बूट घेणे आणि एका दिवसात एकच भाग पाहणे, हे दोन नियम आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले.

येथील अनेक वॉकिंग टूरना आगाऊ शुल्क नसते. आपण ऑनलाइन नाव नोंदवायचे, ठरलेल्या चौकात छत्री घेऊन उभ्या असलेल्या गाइडला भेटायचे आणि फेरी संपल्यावर आपल्या मनाने पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे. गाइडची कमाई याच पैशांवर असते, म्हणून किती द्यायचे हे आम्ही आपसांत आधीच ठरवून रोख रक्कम जवळ ठेवत होतो. प्रत्येक भागाची फेरी सकाळी गाइडबरोबर करायची आणि दुपारी त्याच रस्त्यांवरून आपले आपण पुन्हा फिरायचे, हा आमचा बेत मला सर्वांत उपयोगी वाटला. सकाळी कानावर पडलेल्या गोष्टी दुपारी डोळ्यांना दिसू लागतात.

पहिली फेरी बायशा या सखल भागाची होती. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना येथे मोठा भूकंप झाला. पाठोपाठ टेगस नदीतून त्सुनामीच्या लाटा आत आल्या आणि आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. नदीकाठचा राजवाडा त्यातील ग्रंथालयासह नष्ट झाला. पुढे राजाचे मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल यांच्या पुढाकाराने हा भाग सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा आखला गेला आणि त्यातील अनेक रस्त्यांना सोनार, चांभार, कापडविके अशा व्यवसायांवरून नावे मिळाली. पुण्यातल्या तांबट आळीची सवय असलेल्या माणसाला हे रस्ते परके वाटत नाहीत.

आमच्यातला एक मित्र स्थापत्य अभियंता आहे आणि त्याच्यामुळे ही फेरी वेगळी झाली. येथील भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा एक पिंजरा असतो. आडव्या, उभ्या आणि तिरप्या तुळयांमुळे भूकंपाच्या हादऱ्यात इमारत हलली तरी कोसळू नये, अशी त्याची रचना आहे. तिच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून चाचणी घेतली, असे सांगितले जाते. दुपारी आम्ही कोरेइरोस रस्त्यावरील एका बँकेच्या इमारतीखालचे उत्खनन पाहिले. वरच्या इमारतींचा भार पेलण्यासाठी ओल्या जमिनीत ठोकलेले पाइनचे खुंट तेथे दिसतात आणि त्यांच्या शेजारीच रोमन काळातील मासे खारवण्याचे हौद आहेत. मित्र त्या खुंटांपाशी इतका वेळ वाकून उभा राहिला की, बाकीचा गट पुढे निघून गेला आणि आम्ही त्याच्यासाठी थांबलो. मित्रांबरोबर फिरण्याचा खरा लाभ मला येथे जाणवला, कारण मी एकट्याने ते लाकूड जेमतेम मिनिटभर पाहिले असते.

आल्फामाचा भाग खडकावर असल्याने भूकंपात बराचसा वाचला. त्याच्या अरुंद गल्ल्या आणि पायऱ्या मुस्लिम राजवटीच्या काळातील वस्तीची आठवण देतात. चढ टाळण्यासाठी आम्ही फांकेरोस रस्त्यावरील एका इमारतीतून वर जाणाऱ्या विनाशुल्क सार्वजनिक लिफ्टचा उपयोग केला. 28 क्रमांकाच्या प्रसिद्ध ट्रामची गर्दी आणि तिच्यातील खिसेकापू यांच्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरील भिंतीवर निळ्या टाइल्सचे एक मोठे चित्र आहे. त्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक आणि तेथील राजवाडा दिसतो. आदल्याच दिवशी आम्ही ज्या मोकळ्या चौकात उभे होतो, तेथे काय होते हे त्या टाइल्सवर स्पष्ट पाहायला मिळाले.

नदीकाठच्या बेलेम या भागात मात्र आमच्या मनातील प्रश्न वाढले. जेरोनिमोस मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील सुमारे पाच टक्के करातून आला. दगडावर कोरलेले दोरखंड आणि सागरी चिन्हे अप्रतिम आहेत, यात शंका नाही. आत वास्को द गामाची समाधी आहे. आमच्याबरोबरची मैत्रीण वसईची, किल्ल्याच्या परिसरातच वाढलेली. 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेली वसई या फेरीत कोठेच कशी येत नाही, असे तिने गाइडला विचारले. दोन तासांत सर्व वसाहतींचा इतिहास मावत नाही, हे त्याचे उत्तर प्रामाणिक होते. तरीही मला ते अपुरे वाटले. हा मठ ज्या व्यापारावर उभा राहिला, तो ज्या किनाऱ्यावर चालत होता, तेथील लोकांविषयी एक वाक्य तरी या दगडांसमोर बोलले जायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

रोसिओ चौकाजवळच्या सांव दोमिंगोस चर्चबाहेर 1506 मधील ज्यूंच्या हत्याकांडाचे स्मारक आहे, आणि चौकातील आजच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या मताविरुद्ध जाणाऱ्यांची चौकशी करून त्यांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाचा वाडा होता. गोव्यात 1560 पासून चाललेल्या इन्क्विझिशनची मुळे या व्यवस्थेत आहेत, हे समजून तो चौक पाहावा.

शेवटची फेरी कार्मो चौकात संपली. 25 एप्रिल 1974 रोजी तेथील लष्करी ठाण्यात आश्रय घेतलेल्या पंतप्रधान कायतानो यांना शरण यावे लागले आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. हे आम्ही सांगितले तेव्हा गाइडने लगेच पुढचे प्रश्न विचारले. त्यातून मोहन रानडे यांचे नाव निघाले. गोवामुक्तीसाठी लढणारे रानडे 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते, लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात त्यांनी शिक्षा भोगली आणि जानेवारी 1969 मध्ये त्यांची सुटका झाली. काशियासची राजकीय कैद्यांची कोठडी गाइडला चांगली माहीत होती, रानडे माहीत नव्हते. या फेरीच्या गाइडने आम्हाला कॅथेड्रलजवळच्या आल्जुबे संग्रहालयात जाण्यास सुचवले. पूर्वी तुरुंग असलेल्या त्या इमारतीत हुकूमशाहीच्या प्रतिकाराचा इतिहास मांडला आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो आणि पूर्ण सकाळ तेथेच घालवली.