एकच राजा, दोन गेम: फ्लान सिना अपडेट

मंडळी, सेल्टिक गेम्सच्या अपडेटला जाम उशीर झालाय तर आता सगळं एकदमच टाकतो. टोटल वॉर सागा: थ्रोन्स ऑफ ब्रिटानिया ह्या स्ट्रॅटेजी गेममधली मिदे ह्या आयरिश राज्याची कॅम्पेन संपवली, आयर्लंड ताब्यात आलं, आणि त्याच झपाट्यात असॅसिन्स क्रीड व्हॅल्हालाचं रॅथ ऑफ द ड्रुइड्स (मूळ गेमला जोडलेला जादा भाग, म्हणजे डीएलसी) घेतलं, त्यात मीथ आणि कॉनॉट हे प्रांत उरकून आता अल्स्टरमध्ये पोचलोय. मधेमधे रात्री हेडफोन लावून हेलब्लेड परत खेळणं चालू आहे, त्याचं शेवटी सांगतो. स्पॉयलर शक्यतो टाळतोय, पण इतिहासात जे घडून गेलंय ते स्पॉयलर धरत नाही.

हे दोन गेम पाठोपाठ घ्यायचं कारण म्हणजे फ्लान सिना. नवव्या शतकातला आयरिश राजा, ८७९ मध्ये टाराचा हाय किंग (बाकीच्या आयरिश राजांच्या वरचा राजा) झाला आणि ९१६ मध्ये मरेपर्यंत त्या गादीवर टिकला. थ्रोन्स सुरू होतो ८७८ मध्ये, तिथे मिदे निवडलं की तुम्ही स्वतःच फ्लान. आणि रॅथ ऑफ द ड्रुइड्समध्ये तुम्ही बाहेरून आलेले व्हायकिंग एवॉर, फ्लान समोर उभा राहून तुमच्याशी बोलतो, मदत मागतो. शेजारच्या डब्लिनचा राजा बॅरिडसुद्धा दोन्हीकडे आहे, थ्रोन्समध्ये बार्डर या नॉर्स नावाने डिफ्लिनच्या (म्हणजे डब्लिनच्याच) गादीवर बसलेला आणि व्हॅल्हालात एवॉरचा चुलतभाऊ. म्हणजे २०१८ च्या गेममध्ये ज्याच्या मुलखावर मी डोळा ठेवून होतो त्याच्याच घरी २०२१ च्या डीएलसीत पाहुणा म्हणून उतरलो, आणि ही गंमत दोन्ही गेम लागोपाठ खेळल्याशिवाय कळत नाही, म्हणून सगळ्यांना सांगतोय की खेळायचे तर ह्याच क्रमाने खेळा.

आधी मिदे. थ्रोन्सला लोक टोटल वॉरमधला बारका भाऊ समजून सोडून देतात, मला ते अजिबात पटत नाही. ह्यात भिंती आणि शिबंदी फक्त प्रांताच्या मुख्य ठिकाणी असते, बाकीची छोटी गावं उघडी. त्यामुळे होतं काय की तुम्ही मुख्य फौज घेऊन दक्षिणेला गेलात की उत्तरेकडून कोणीतरी चिमूटभर लोक घेऊन येतो आणि एका टर्नमध्ये गाव घेऊन जातो, मग तुम्ही परत फिरता, तो पळतो, तुम्ही वळलात की परत येतो. बऱ्याच जणांना ह्याचा वैताग येतो पण त्या काळातलं आयर्लंड असंच होतं हो, लढाई म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हद्दीत घुसून गुरं पळवून आणणं. आणि नवीन भरती केलेली तुकडी पहिल्या टर्नला पूर्ण मिळत नाही, थोडीच माणसं येतात आणि हळूहळू भरते, त्यामुळे घाईने उभी केलेली फौज कागदावरच मोठी दिसते. मी शेवटी एक फौज कायम घरच्या प्रांतात बसवून ठेवली आणि दुसरीने मोहिमा केल्या, धान्य जास्त लागलं पण डोकं शांत राहिलं.

खरी मजा मात्र जमिनींच्या वाटपात. प्रत्येक सरदाराला इस्टेट हवी असते, दिली नाही की निष्ठा उतरते, आणि राजाने सगळं स्वतःकडे ठेवलं की बाकीचे फुगून बसतात. मी प्रत्येक नवीन गाव घेतलं की आधी ती यादी उघडायचो, कोणाचा आकडा खाली गेलाय बघायचो, आणि मगच बांधकामाकडे वळायचो. ही भाऊबंदकी गेमवाल्यांनी उगाच घातलेली नाही, खऱ्या फ्लानच्या विरोधात ९१५ मध्ये त्याचीच दोन मुलं, डॉनचाड आणि कॉनहोवर, उठली होती, आणि त्यांना वठणीवर आणायला उत्तरेचा राजा निएल ग्लूनडुव यावा लागला, जो पुढे फ्लाननंतर हाय किंग झाला. त्या काळात आयर्लंडमध्ये छोटीमोठी मिळून सुमारे १५० राज्यं होती असं इतिहासकार मानतात. हाय किंग म्हणजे ह्या सगळ्यांकडून मान आणि ओलीस वसूल करणारा माणूस, आज वसूल केलं आणि उद्या परत वसूल करायला निघावं लागलं. ते सतत निघावं लागणं थ्रोन्समध्ये फार छान उतरलंय.

मिदेची स्वतःची एक खास गोष्ट म्हणजे टालट्यूची जत्रा. गेममध्ये राजा जत्रा भरवतो आणि त्यातून इव्हेंट येतात, त्यात काय निवडता त्यावर पुढचे फायदे. ही जत्रा खरी होती, आजच्या काउंटी मीथमध्ये नॅव्हन आणि केल्सच्या मधे टेल्टाउन म्हणून जागा आहे तिथे ऑगस्टच्या सुरुवातीला, लूनसाच्या सणाला भरायची. शर्यती, खेळ, कायद्याची कामं, सगळं तिथेच. पुराणकथा अशी की लू ह्या देवाने आपली पालक आई टालट्यू हिच्या स्मरणार्थ ती सुरू केली. लू लक्षात ठेवा, पुढे परत येतोय.

आता रॅथ ऑफ द ड्रुइड्स. डब्लिनचा व्यापार बघणाऱ्या आझारसाठी ट्रेड पोस्ट मिळवायच्या, त्यासाठी एकेका ठाण्यातले लोक हटवायचे, तिथलं मालकीपत्र शोधायचं, मग पैसे आणि सामान घालून ते ठाणं उभं करायचं, आणि तिथून येणाऱ्या मालावर डब्लिनचं नाव वाढत जातं. नुसती मेन स्टोरी पळवत नेली तर हे काम कंटाळवाणं वाटेल, मी मुद्दाम उलटं केलं, ज्या भागात गेलो तिथल्या ट्रेड पोस्ट आधी घेतल्या आणि स्टोरी नंतर. त्यामुळे घोड्यावरून त्या भागातली सगळी गल्लीबोळं फिरून होतात, पावसात ओली झालेली दगडी कुंपणं, गवताने शाकारलेली गोल घरं, धुक्यात अचानक समोर येणारा मठ. कंट्रोलर खाली ठेवून बघत बसलो कितीतरी वेळा.

अल्स्टरमध्ये शिरल्याबरोबर सगळं सोडून आधी जायंट्स कॉजवेला गेलो. बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी, पायऱ्यांसारखे समुद्रात उतरत गेलेले. एवॉरला त्या खांबांवरून चालवत अगदी पाण्यापर्यंत नेलं, लाट आली की खालचे खांब दिसेनासे होतात आणि ओसरली की काळेकुळकुळीत चकाकतात. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवावी, तीसुद्धा बेसॉल्टच्या उभ्या खांबांचीच आहे, आपली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आणि ती त्यानंतरची, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीची. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असे तडे जातात, इथे काय आणि तिथे काय.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती स्पष्ट लिहितो. ८७९ च्या आसपास आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजून चार शतकं झाली होती, ड्रुइडांचा (जुन्या सेल्टिक धर्माचे पुरोहित) मुखवटे घालून फिरणारा संघटित पंथ तेव्हा उरलेला नव्हता. डानूच्या मुलांशी (गेममध्ये ह्या पंथाचं नाव) लढाया भारी आहेत, त्या विषारी धुरात शत्रू एकाचे दोन दिसायला लागतात तो भाग तर मस्तच, पण इतिहास म्हणून घेऊ नका. त्याच्या उलट किअरा, राजाच्या पदरची कवयित्री, ही कल्पना त्या समाजाच्या खूप जवळची आहे. जुन्या आयरिश कायद्यात सगळ्यात वरच्या दर्जाचा कवी, ओलाव, ह्याची मानमरातबाची किंमत एका छोट्या राजाइतकी धरलेली होती. कवीने निंदा केली तर राजाची गादी डळमळायची. त्यामुळे किअरा दरबारात ज्या हक्काने बोलते ते बघताना मला वाटतं लिहिणाऱ्यांनी अभ्यास केलाय.

साइडला अंबरचे तुकडे जमवणं चालू आहे. डानूच्या पंथातले सगळे संपवून त्यांच्याकडचे तुकडे डिअर्ड्रा ह्या ड्रुइड बाईला दिले की बॅलर ह्या राक्षसाशी सामना, आणि जिंकलात तर गे बुल्ग भाला. अजून बॅलरपर्यंत पोचलो नाहीये, पॉवर आणि तब्येत दोन्ही वाढवून मगच जाणार. पुराणकथेत हा भाला कुहुलिनचा, त्याने स्काहाक ह्या योद्धा स्त्रीकडून शिकलेला, ह्याच भाल्याने त्याने आपला जिवलग मित्र फेर्डियाला मारलं. आणि बॅलरला मारतो त्याचाच नातू लू, गोफणीच्या दगडाने, थेट डोळ्यात. तोच जत्रेवाला लू, आणि तोच कुहुलिनचा बापही. म्हणजे भाला आणि राक्षस वेगवेगळ्या कथांमधले आहेत पण घराणं एकच निघतं, गेमने ते इथे एका ठिकाणी आणून ठेवलंय आणि मला ते चालतंय.

हेलब्लेडचं थोडक्यात. त्याची नायिका सेनुआ ही स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवरची पिक्ट (तिथली जुनी जमात), म्हणजे हे आयर्लंड नाही, पण तिला नॉर्स कथा सांगणारा ड्रुथ आठवतोय का? तो ज्याच्यावर बेतलाय तो फिंडान हा खरा आयरिश माणूस, लेन्स्टरचा, नवव्या शतकात व्हायकिंगांनी गुलाम म्हणून उचलून नेला आणि तो ऑर्कनीमध्येच लपून निसटला, पुढे स्वित्झर्लंडमधल्या राइनाउच्या मठात साधू झाला. फ्लानच्याच शतकातला. हे डोक्यात ठेवून ड्रुथच्या कथा ऐकवणारे गेममधले दगड एकेक करून परत ऐकतोय, हेडफोनवरच ऐका, दोन्ही कानांच्या हिशोबाने रेकॉर्ड केलेला आवाज आहे, स्पीकरवर निम्मा जीव जातो.

आणि हो, कोणी आयर्लंडला असाल किंवा जाणार असाल तर क्लॉनमॅकनॉइजच्या जुन्या मठाला जाऊन क्रॉस ऑफ द स्क्रिप्चर्स नक्की बघा. सुमारे चार मीटर उंच, वाळूच्या दगडाचा, त्यावर राजा फ्लानसाठी प्रार्थना करा असं कोरलेलं आहे, आणि खाली घडवणाऱ्या कोलमनचं नाव. मूळ क्रॉस आता आत माहिती केंद्रात ठेवलाय, बाहेर उभी आहे ती प्रतिकृती, तर आत गेल्याशिवाय परतू नका. फोटो काढलेत तर मला पाठवा, अक्षरं जवळून बघायची आहेत.

पुढचा प्लॅन असा की बॅलर संपला की थ्रोन्स परत उघडून ह्या वेळी डिफ्लिन घ्यायचं, म्हणजे बॅरिडच्या बाजूने फ्लानशी लढायचं. खरा बॅरिड ८८१ मध्येच गेला, त्याला गेममध्ये त्यापुढे नेता आलं तर बघू. डिफ्लिनने सुरुवातीच्या टर्नमध्ये आधी मिदेवर जावं का लेन्स्टरकडे वळावं, कोणी खेळलं असेल तर सांगा, आणि जहाजं किती ठेवावीत तेही.