मामा, तू पण तर ओढतोस

दिवाळीत सांगलीला गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो आणि पाण्याच्या टाकीमागून कलिंगडाचा वास आला. दिवाळीत कसलं आलंय कलिंगड. टाकीमागे आमचा भाचा बसलेला, अकरावीला आहे, हातात हायलायटर पेनासारखं गुलाबी काहीतरी, मला बघून पटकन खिशात टाकलं पण नाकातून यायची ती वाफ आलीच. मला मिनिटभर काय बोलावं सुचेना, कारण ते व्हेप होतं, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट, आणि तसलंच यंत्र, माझं जरा मोठं आणि काळं, मी इंग्लंडला लेस्टरच्या माझ्या घरी ड्रॉवरमध्ये ठेवून आलो होतो आणि गेले आठ दिवस निकोटिनचा गम चघळत ढकलत होतो. हे त्याला माहीत होतं, ताईनेच कधीतरी सांगितलं असणार. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणतो, "मामा, तू पण तर ओढतोस. आणि तूच म्हणतोस ना, सिगरेटपेक्षा हे कमी डेंजर असतं म्हणून?"

म्हणतो खरं. आणि ते खोटंही नाही.

मी एकोणीस वर्षं सिगरेट ओढली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात सुरुवात, टपरी, कटिंग, छोटी गोल्डफ्लेक आणि सुतळीला बांधलेला लायटर. हिंजवडीला नोकरी लागल्यावर दिवसाला बारा-पंधरा. सोडायचे प्रयत्न सहा का सात वेळा झाले, वाढदिवस, एक जानेवारी, मुलीचा जन्म, सगळे मुहूर्त वापरून झाले आणि एकदा तर चार महिने टिकलोही, मग ऑफिसात सॉफ्टवेअरची एक रिलीज बोंबलली आणि खाली जाऊन सलग तीन ओढल्या. इकडे आल्यावर पाकीट बारा-तेरा पौंडाला, तरी सुटली नाही. जानेवारीत रात्री दहाला बर्फाळ वाऱ्यात दाराबाहेर कुडकुडत उभा असलेला चाळिशीचा बाप्या, असं एकंदर चित्र होतं.

मग 2023 मध्ये सिगरेट सोडवणाऱ्या मोफत सेवेत नाव घातलं. तिथे साठीच्या पुढची एक बाई होती, प्रत्येक वाक्याला मला 'मी डक' म्हणायची, म्हणजे आपलं 'बाळा' म्हणतात तसं, लेस्टरकडची पद्धत आहे ती. तिने एका यंत्रात फुंकायला लावलं, आकडा आला 21. हे श्वासातलं कार्बन मोनॉक्साइड, न ओढणाऱ्याचं साधारण पाच-सहाच्या आत असतं. मला वाटलं आता प्रवचन सुरू होणार, तर बाईने ड्रॉवर उघडून व्हेपचा किट काढून दिला! फुकट! त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने दहा लाख सिगरेटवाल्यांना असे किट द्यायची योजना जाहीर केली होती. आपल्याकडे ज्या वस्तूसाठी विकणाऱ्याला जेल आहे ती इथे आरोग्य खात्याचा माणूस हातात देतो, याचा मला तेव्हा खरंच धक्का बसला होता.

यामागचा विचार जुना आहे. मायकल रसेल म्हणून एक ब्रिटिश डॉक्टर होते, त्यांनी 1976 मध्येच लिहून ठेवलंय की लोक ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारमुळे, म्हणजे धुरातल्या चिकट डांबरामुळे. सिगरेटमध्ये तंबाखू जळते, झुरका घेताना टोकाचं तापमान आठ-नऊशे अंशांच्या घरात जातं आणि त्या जळण्यातून टार, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं तयार होतात. व्हेपमध्ये काही जळत नाही, कापसात मुरलेलं लिक्विड कॉइलने, म्हणजे तापणाऱ्या बारीक तारेने, तापवून वाफ होते. लिक्विड म्हणजे प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन. होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने 2003 च्या आसपास हे आजच्या रूपात आणलं, तो स्वतः ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते.

इंग्लंडच्या आरोग्य खात्याचा 2015 चा तो प्रसिद्ध आकडा, व्हेप सिगरेटपेक्षा 95 टक्के कमी घातक, तो मी पण मित्रांच्या तोंडावर बऱ्याचदा फेकलाय. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो कुठे मोजून आलेला आकडा नाही, मूठभर तज्ज्ञांनी बसून काढलेला अंदाज आहे आणि त्यावर तेव्हाच बरीच टीका झाली होती. खूप कमी घातक, इतपत इकडचे बहुतेक डॉक्टर मान्य करतात, पण तीस-चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात तयारच झालेला नाही तर नक्की किती हे सांगणार कोण?

पहिले पंधरा दिवस मी जे केलं ते सगळे करतात, दोन्ही ओढलं. ऑफिसात व्हेप, जेवण झाल्यावर सिगरेट. बाई म्हणाली, असं करून काही फायदा नाही हो, सिगरेट पूर्ण थांबली तरच. त्यात माझी पहिली कॉइल मी दोन तासांत जाळली, लिक्विड भरल्यावर कापसात मुरायला दहा मिनिटं थांबायचं असतं हे माहीतच नव्हतं, घशात जळकं फडकं गेल्यासारखी चव. पण तिसऱ्या आठवड्यात सिगरेट थांबली आणि पुढच्या वेळी यंत्रात फुंकलं तर आकडा 2. बाईपेक्षा मलाच जास्त आनंद झाला, मी त्या स्क्रीनचा फोटो बायकोला पाठवला. तिने उत्तर दिलं, "ठीक आहे, पण आता घरात आंब्याचा वास येतोय त्याचं काय?"

तर सिगरेट सुटून आता बराच काळ झालाय. व्हेप सुटलेलं नाही. याचंही संशोधन आहे, 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं, 886 लोकांवर. निम्म्यांना व्हेप दिलं, निम्म्यांना निकोटिनचा गम, अंगाला चिकटवायचा पॅच वगैरे. वर्षभराने व्हेपवाल्यांतले 18 टक्के सिगरेटपासून दूर होते, गम-पॅचवाल्यांतले 9.9. म्हणजे जवळजवळ दुप्पट, छान. पण व्हेपने ज्यांची सिगरेट सुटली त्यांतले 80 टक्के वर्षभरानेही व्हेपच ओढत होते. मी त्या ऐंशीतला. लिक्विडच्या मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅम निकोटिनपासून (इथे कायद्याने त्यापेक्षा कडक विकता येत नाही) खाली 12 वर आलो, 6 वर गेलो की चिडचिड होते आणि परत 12. सिगरेट निदान संपायची, ही संपतच नाही, चार्जिंगला उशाशीच असते, रात्री मध्येच जाग आली तरी एक झुरका. एवढं तर मी सिगरेटच्या काळातही करत नव्हतो.

हे सगळं मी भाच्याला गच्चीवर सांगितलं का? नाही सांगितलं. मी फक्त विचारलं, "तू सिगरेट किती ओढत होतास याआधी?" म्हणे, एकही नाही, छी, वास येतो. मग कमी डेंजर ते कशापेक्षा रे बाबा? माझ्या व्हेपची तुलना एकोणीस वर्षांच्या सिगरेटशी आहे, तुझ्या व्हेपची सांगलीच्या हवेशी. तो जरा हसला. मग त्याच्याकडून ते गुलाबी घेऊन नीट बघितलं, खोक्यावर 50 मिलिग्रॅम छापलेलं, बाकी सगळं चिनी. कुठून आणलं तर इन्स्टावरून, घरपोच.

आपल्याकडे 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला, बनवणं, विकणं, आयात, जाहिरात सगळं बंद, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा मी फेसबुकवर लांबलचक पोस्ट लिहिली होती की टपरीवर सिगरेट चालते आणि तिच्यापेक्षा कमी वाईट गोष्टीला बंदी, हा कुठला न्याय. आजही मला तो न्याय वाटत नाही. पण गच्चीवर उभं राहून ते खोकं बघताना त्या पोस्टमधला जोर काही आठवेना. बंदीमुळे माझ्यासारख्या बाप्याला दुकानातून सरळ मिळत नाही आणि पोराला मात्र आत काय आहे कळणारही नाही असं घरपोच मिळतं. अर्थात मोकळीक दिली की पोरं सुरक्षित असंही नाही, इथे शाळांच्या संडासात हेच चाललंय, म्हणून तर 1 जून 2025 पासून ब्रिटनने एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली.

खाली आलो तर बाबा झोपाळ्यावर बसून मळत होते. तळहातावर तंबाखू, चुना, अंगठा, दोन थापट्या, चाळीस वर्षांचा सराव. त्यांना वरचं काही सांगितलं नाही पण माझ्या व्हेपचा विषय निघालाच, मी धूर नसतो म्हणून कसं बरं वगैरे सांगत होतो. ते शांतपणे चिमूट ओठात ठेवून म्हणाले, "माझ्यात तरी कुठे धूर आहे?"

आता काय बोलणार. खरं म्हणजे महाराष्ट्राचं दुखणं हेच आहे, 2016-17 च्या पाहणीत आपल्याकडे ओढणारे प्रौढ 3.8 टक्के आणि खाणारे 24.4. स्वीडनमध्ये स्नूस नावाची ओठात ठेवायची तंबाखू चालते आणि तिथे सिगरेट खूप कमी झाली हे खरंय, पण ती वेगळ्या पद्धतीने बनते, तिच्यात कॅन्सर करणारे नायट्रोसामीन बरेच कमी असतात. आपल्या मळलेल्या तंबाखूचं काय होतं ते बघायला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत एक सकाळ बसावं. मी हे बाबांना सांगितलं, जरा जास्तच आवाज चढवून. ते म्हणाले, तू आधी तुझं ते चार्जिंगवालं सोड.

निघताना माझ्याकडचा उरलेला 2 मिलिग्रॅमचा गम त्यांच्या कपाटात ठेवला, थोडा चावायचा, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, असं दोनदा करून दाखवलं. भाच्याचं ते गुलाबी त्याने माझ्यासमोर कचऱ्यात टाकलं, दुसरं मागवलं असेल तर मला माहीत नाही, ताईला मी अजून काही बोललेलो नाही. परवा बाबांचा फोन आला. गम खाऊन बघितला म्हणाले. मी खूश होऊन विचारलं कसा वाटला, तर म्हणतात, "बरा आहे रे, पण याला चुना कुठे लावायचा?"