भिजवून वाळवलेलं गवत

ती घोडी वर्षभर खोकत होती आणि मला बोलावलं, तोवर अँटिबायोटिकचे तीन कोर्स होऊन गेले होते. तबेल्यात मान लांब करून उभी, नाकपुड्या फेंदारलेल्या. स्वस्थ उभा घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. मी मोजले ते ३२. श्वास सोडताना पोट दोनदा आवळत होतं आणि बरगड्यांच्या कडेनं स्नायूची रेघ उठून दिसत होती. ही रेघ चार दिवसांत उमटत नाही. महिनोन्‌महिने जोर लावून हवा बाहेर ढकलावी लागते, तेव्हा पोटाचा स्नायू असा जाड होतो. तिच्याकडे बघवत नव्हतं.

ताप नव्हता, चारा खात होती. मला दम्याचा संशय आला. शिरेतून ब्युस्कोपान दिलं, आवळलेल्या श्वासनळ्या सैल करणारं औषध. दहा मिनिटांत श्वास २० वर आले, कुशी निवल्या. म्हणजे श्वासनळ्या आवळल्या होत्या, पण अजून सुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन नाकावाटे फुप्फुसात नळी घातली, सलाइन सोडून परत ओढून घेतलं. निरोगी घोड्याच्या या पाण्यात न्यूट्रोफिल, म्हणजे दाह झाला की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, साधारण ५ टक्क्यांच्या आत असतात. २५ च्या वर गेल्या की तीव्र दम्याकडे बोट जातं. हिच्या ५८ निघाल्या. मालकीणबाईंना रक्ताची ॲलर्जी-चाचणी हवी होती. मी नको म्हटलं. घोड्यांत त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि वाळल्या गवतातली धूळ आणि बुरशी हे कारण समोरच होतं.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं, पेंढ्याचं अंथरूण काढायला लावलं आणि कागदावर लिहिलं : गवत भिजवून घालावे. तीन आठवडे उत्तम गेले. डोस उतरवला आणि पुन्हा खोकला. स्टेरॉइड लांबवलं तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा दाह, होण्याची भीती, त्यामुळे वाढवायचा धीर होईना.

मग एका सकाळी चारा घालायच्या वेळीच जाऊन उभी राहिले. मोतद्दारकाका जाळीत गवत भरत होते. कोरडं.

"काका, भिजवलं नाही?"

"भिजवलं की, डॉक्टर. रोज भिजवतो. पण ओलं ती तोंडात धरीना, नुसतं हुंगून मान फिरवायची. म्हणून वाळवून घालतो."

एकही दिवस त्यांनी चुकवला नव्हता. मी त्यातली मूठभर काडी खिडकीच्या कवडशात झटकली. बारीक धूळ उडाली आणि हवेत तरंगत राहिली. मग ओली मूठ झटकली. काहीच उडालं नाही. भिजवल्यानं बुरशीचे कण नाहीसे होत नाहीत, काडीला चिकटून बसतात. वाळलं की पुन्हा सुटतात, आणि जाळीत तोंड खुपसून खाणारी घोडी तेच ओढून घेते. घोडा फक्त नाकानंच श्वास घेतो.

काका मटकन खाली बसले. "म्हणजे मीच तिला…"

"नाही काका. भिजवा म्हणाले, ओलंच घाला म्हणाले नाही. आणि कशासाठी, तेही सांगितलं नाही. चूक माझी."

त्या दिवसापासून ओल्या गवतावर गाजराचे तुकडे पडू लागले, आधी दोन मुठी, मग जास्त. उरलेलं आंबतं, ते टाकून द्यायचं. घोडी होता होईल तेवढी बाहेर मोकळ्यावर. दोन महिन्यांनी स्टेरॉइड बंद झालं. बरगडीकडची रेघ अजून आहे. काका रोज सकाळी तिच्या कुशीवर हात ठेवून श्वास मोजतात आणि खडूनं भिंतीवर आकडा लिहितात. परवा मी गेले तेव्हा १४ लिहिलेलं होतं.